दहावा टोला

मोरिओका, २१ जानेवारी २०१९

सुमिरे,

हे पत्र कामाचं आहे. कामाचं नसतं तर मी लिहिलं नसतं आणि तू उघडलं नसतंस.

पहिलं काम. आपली कुस्तीकंपनी किताकाझे बंद होतेय. ३१ मार्चला शेवटच्या कुस्त्या, त्याही आपल्या तालमीतच, कारण शहराचं क्रीडागृह भरेल इतकी माणसं आता येत नाहीत. मुली सहा उरल्यात. त्यातल्या दोघींचे गुडघे माझ्यासारखे झालेत. हाताकेयामा मालक गेल्यावर त्यांच्या मुलीने, हिसानोने, दहा वर्षं हा गाडा ओढला. ती शाळेत भूगोल शिकवायची, तिला डाव आणि पकड यातला फरक कळत नव्हता, आणि तरी तिने मुलींना बापापेक्षा चांगलं वागवलं. हे मी तिच्यासमोर बोलत नाही. तुला लिहायला हरकत नाही.

दुसरं काम. तिला तीस वर्षांचा इतिहास छापायचा आहे. अठ्ठेचाळीस पानं, फोटो धरून. लिहायचं माझ्याकडे आलं. ती म्हणाली, "किनुएताई, पहिल्या दिवसापासून आजपर्यंत इथे टिकलेल्या तुम्ही एकट्याच."

मी म्हटलं, "मी आणि आपली जुनी बस."

"बस बोलत नाही," ती म्हणाली, "आणि तुम्ही थांबत नाही. म्हणून तुम्हीच लिहा."

लिहिते आहे. बाविसाव्या पानावर अडले आहे. तारीख २४ नोव्हेंबर १९९६.

मालकांच्या दप्तरात त्या दिवसाबद्दल एकच ओळ आहे: 'घंटेवरील कर्मचाऱ्याच्या चुकीमुळे ओइकावा सुमिरे हिचा निवृत्ती समारंभ अपुरा राहिला.' आणि सेंदाईच्या तुमच्या कंपनीच्या, नाईन गाँगच्या, प्रत्येक पत्रकावर गेली बावीस वर्षं छापलेलं असतं: 'घंटेवरच्या ताईने दहावा टोला द्यायला नकार दिला आणि आपण जन्मलो.' घंटेवरचा कर्मचारी म्हणजे मी. घंटेवरची ताई म्हणजेही मी. एकाच हाताबद्दल दोन वाक्यं आहेत आणि पुस्तकात एकच मावतं.

मी तुमचं घ्यायचं म्हणते. लोकांना तेच पाठ आहे आणि ते चांगलं वाक्य आहे. तुझी हरकत असेल तर कळव.

तिसरं काम. तुझ्या कचेरीतल्या मुलीचा फोन आला होता. १२ मेला सेंदाईला तुझी निवृत्ती आहे म्हणाली. मानेचं तिनेच सांगितलं. सत्तेचाळिसाव्या वर्षी मानेने 'पुरे' म्हटलं, तर ती मान समजूतदारच म्हणायची. पोरगी म्हणाली, "नऊ टोले १९९६ला झालेत. राहिलेला एकच द्यायचाय. त्याच घंटेवर, आणि त्याच ताईंनी द्यावा अशी सगळ्यांची इच्छा आहे." मी विचारलं, "सगळ्यांची म्हणजे ओइकावांची पण?" ती म्हणाली, "त्यांना विचारून सांगते."

अजून सांगितलेलं नाही.

त्सुकिदाते किनुए

मोरिओका, ९ फेब्रुवारी

सुमिरे,

तुझं उत्तर नाही. उगाजिन वस्ताद म्हणायचे, "सुमिरे गप्प झाली की समोरच्याने मान आखडून घ्यावी, ती आता उचलून आपटणार." म्हणून मी मान आखडून बसले आहे आणि तोवर पहिली एकवीस पानं तुला पाठवते आहे. चुका असतील तर खूण कर.

तालमीसाठी घेतलेला तिळाच्या बिस्किटांचा बंद कारखाना, एप्रिल १९८९, आठ मुली: हे सगळं घेतलंय. उन्हाळ्यात गाद्यांवर घाम सांडला की तिळाचा वास उठायचा आणि बाहेरगावच्या पैलवान बायका विचारायच्या, "इथे स्वयंपाक कोण करतंय?" तेही घेतलंय. बालवाडीची जुनी बस, जिच्यावरचा हत्ती तीनदा रंग देऊनही दिसायचाच. मी चार लढती खेळले, चारही हरले, आणि चौथीत गुडघा गेला. मालक दवाखान्यात येऊन म्हणाले, "गुडघा गेला. घसा राहिलाय ना?" आणि माझ्या हातात माईक आणि घंटेची हातोडी दिली. हे लिहिताना मी स्वतःवर दया दाखवलेली नाही. तू तपास.

पंचविशीबद्दल तीन पानं लिहिली आहेत. हिसानो म्हणाली कमी करा, मी केली नाहीत. दारू नाही, सिगारेट नाही, कुणाशी प्रेमबिम नाही, आणि पंचविसावं लागलं की कुस्ती नाही. हा नियम मालकांनी शोधलेला नव्हता. मुलींच्या कुस्तीत तो त्यांच्या आधीपासून फिरत होता, त्यांनी फक्त पाटीवर लिहून तालमीत टांगला. सुतार पन्नाशीला सुतार असतो. मासेमार सत्तरीला जाळं टाकतो. मग बाई पंचविशीला कशी संपते? ती संपत नाही, तिला संपवलं जातं, आणि संपवताना फुलं दिली जातात म्हणून कुणाला ते दिसत नाही. हे वाक्य मी बसमध्ये पहिल्यांदा म्हटलं तेव्हा तू वीस वर्षांची होतीस. पुस्तकातही तसंच्या तसं ठेवलंय.

निरोप घेणारीला मालक भाताचा कुकर द्यायचे. पांढरा, पाच वाट्यांचा. आता घरी जा, लग्न कर, भात लाव, असा त्याचा अर्थ. आठवतं, आकिताच्या वाटेवर मी सांगत होते की रोममध्ये आखाड्यातल्या गुलामाला सोडताना लाकडी तलवार देत, म्हणजे निदान तो कोण होता याची आठवण तरी देत. आमच्याकडे काय, तर कुकर. तू मागच्या सीटवरून म्हणालीस, "ताई, मला तलवार नको, कुकर नको. आधी खिडकी लाव, वारं आत येतंय." सगळी बस हसली. मी खिडकी लावली आणि पुढचं भाषण बंद खिडकीत केलं.

त्याच प्रवासात मी ते म्हटलं. सात मुलींसमोर, उभं राहून, एका हाताने सीटची कड धरून: "सुमिरेच्या पंचविशीला माझा हात घंटा वाजवणार नाही."

तू म्हणालीस, "ताई, तुझी भाषणं इंजिनापेक्षा जास्त तापतात. खाली बस, पडशील."

बाविसाव्या पानाचा कच्चा मजकूरही जोडते. त्यात असं आहे: रविवार, दुपारी तीनची वेळ, क्रीडागृहात अडीच हजार माणसं. शेवटची कुस्ती झाली. तू रिंगच्या मधोमध उभी, डोळे मिटलेले, मान खाली. माणसांच्या हातात तुझ्या रंगाच्या, जांभळ्या कागदी फितींची रिळं, मधला पुठ्ठा काढून हलकी केलेली, कारण दहावा टोला झाला की नाव पुकारायचं आणि नाव पुकारलं की फिती फेकायच्या. जिवंतपणी जाणारीला दहा टोले, मेलेलीलाही दहाच. ते झाल्याशिवाय कुणी गेलं असं आपण मानत नाही. मी एक एक करत नऊ दिले. दहावा आला नाही.

तू डोळे उघडलेस. मग तू माईक मागितलास. "नऊच झाले," तू म्हणालीस. "म्हणजे मी अजून आहे." आणि दोरातून उतरून लोकांमधून चालत बाहेर गेलीस. मागोमाग सातजणी. कुकर रिंगमध्येच राहिला. फिती कुणी फेकल्या नाहीत. लोक त्या घरी घेऊन गेले आणि ऐकते की तुमच्याकडे अजूनही काही जण त्या आणतात आणि न फेकता परत नेतात.

तो कुकर आम्ही तालमीत वापरला. बावीस वर्षं त्यात भात लागतोय. झाकणाची मूठ बदलली आहे.

त्या दिवशी सकाळी मी कुठे होते आणि काय करत होते हे पुस्तकात घेतलेलं नाही. पानं कमी आहेत.

किनुए

मोरिओका, २ मार्च

सुमिरे,

तुझं कार्ड आलं. तीन वाक्यं. 'घंटा पाठव. तू यायची गरज नाही. पुस्तकात खरं लिही.'

तिसरं वाक्य नसतं तर मी घंटा बांधून पाठवली असती आणि गप्प बसले असते. गप्प बसायची मला सवय नाही असं सगळे म्हणतात. ते खोटं आहे. मी एका बाबतीत बावीस वर्षं गप्प आहे, आणि त्यावरून लोकांचं लक्ष उडावं म्हणून बाकी सगळ्यावर बोलते.

आधी माफीनाम्याचं. दुसऱ्या दिवशी मालकांनी मला ऑफिसात उभं केलं.

"मुद्दाम केलंस?"

"नाही. चुकून झालं."

"दहापर्यंत मोजता येत नाही तुला?"

"येतं."

"मग लिहून दे, चुकलं म्हणून."

मी लिहून दिलं, शिक्का मारला, नोकरी राहिली. चार दिवसांनी तुझा सेंदाईहून फोन. "ताई, चूक झाली असं लिहून दिलंस?" मी हो म्हटलं. "खरं?" तू विचारलंस. मी बोलले नाही. तू म्हणालीस, "बरं," आणि फोन ठेवलास. त्यानंतर आपण बोललो नाही.

तू काय समजलीस ते मला माहीत होतं. ताईने रविवारी धाडस केलं आणि सोमवारी कच खाल्ली. मी तुला तसं समजू दिलं, कारण त्यात निदान रविवार तरी माझ्या वाट्याला येत होता. खरं सांगितलं असतं तर रविवारही गेला असता.

आता ऐक. माफीनाम्यात मी खरंच लिहिलं होतं. ती चूकच होती.

त्या दिवशी सकाळी आठला मी क्रीडागृहात गेले आणि घंटा घासली. राख आणि लिंबू घेऊन, तासभर. मी दहाही टोले देणार होते. बसमध्ये जे म्हटलं होतं ते मी विसरले नव्हते. फक्त करणार नव्हते. का, तर मला भाड्याची खोली होती, मोडका गुडघा होता, आणि घंटा सोडून येत काहीच नव्हतं. तेव्हा मी स्वतःला एक सुंदर कारणही दिलं होतं: तुझा निरोप नीट झाला पाहिजे, तो तुझा हक्क आहे. माणूस पुस्तकं वाचणारा असला की त्याला कारणं फार लवकर सापडतात.

मग दहावा का आला नाही?

आठव. कुस्तीत कुणी आडवी पडली की पंच दहा आकडे मोजतो. दहा झाले की मी घंटा मारायची. नऊला माझी हातोडी वर गेलेली असते. उगाजिन वस्तादांनी तुम्हाला शिकवलं होतं, "आठपर्यंत पडून रहा, श्वास घ्या. नऊला उठा. सातला उठते ती घाबरलेली, दहाला उठते ती हरलेली." तू नेमकी नऊला उठायचीस. आणि उठायच्या आधी तुझी हनुवटी वर यायची, बोटभर. पंच तुझ्या पाठीमागे असायचा, लोक लांब, ती हनुवटी फक्त मला दिसायची, कारण मी खाली टेबलाशी बसलेली. हनुवटी हलली की मी हातोडी न मारता खाली घ्यायची. सात वर्षं. किती वेळा झालं असेल हे? पाचशे?

त्या रविवारी मी नऊ टोले दिले. दहाव्याला हातोडी वर नेली. तुझी हनुवटी वर आली. माझा हात खाली आला.

एवढंच आहे. मी विचार केला नाही, निर्णय घेतला नाही, नकार दिला नाही. हातोडी टेबलावर ठेवून झाल्यावर मला कळलं की आपण काय केलं. तोवर तू माईक मागितला होतास.

माझ्या तोंडात एवढी क्रांती होती आणि हातात फक्त सवय होती.

पुढचं तुला माहीत नाही, तेही सांगते. १९९८ला पंचविशीची पाटी उतरली. माझ्या भाषणाने नाही. तुमच्याकडे तिशीच्या बायका खेळताहेत म्हटल्यावर आमच्याकडे नवीन मुली यायच्या थांबल्या, म्हणून उतरली. पण लोक मला येऊन सांगायचे, "ताई, तुमच्या त्या नऊ टोल्यांनी हे झालं." मी वाकून नमस्कार करायचे. एका कॉलेजने बोलावलं, 'बाईचं काम आणि तिचं वय' या विषयावर. मी दीड तास बोलले. टाळ्या झाल्या. मी त्या घेतल्या.

तेव्हापासून टोले देताना मी समोर सोयाबीनचे दहा दाणे ठेवते. टोला दिला की एक दाणा बाजूला. मालक गेले तेव्हाही. लोकांना वाटतं हा काही जुना रिवाज आहे.

हे बाविसाव्या पानावर छापलं तर तुमच्या पत्रकावरचं वाक्य खोटं ठरतं. तुझ्याकडच्या मुली त्या वाक्याच्या मागे उभ्या राहून रिंगमध्ये येतात हे मी जाणते. म्हणून तू सांगशील तसं. पण तू खरं लिही म्हणालीस, आणि खरं हे आहे. पानं २५ मार्चला छापायला जातील.

घंटा मी पाठवते. मी येणार नाही. हे कळल्यावर तू बोलावणारही नाहीस.

किनुए

मोरिओका, ३ एप्रिल

सुमिरे,

तुझं पत्र १९ मार्चला मिळालं. इतके दिवस उत्तर दिलं नाही कारण शेवटच्या कुस्त्यांची तयारी होती, असं म्हणणार होते. ते अर्धंच खरं आहे. तुझं पत्र ऑफिसात उभ्याने वाचलं आणि मग मी खाली बसले. हिसानोने विचारलं, "कोण गेलं?" मी म्हटलं, "कुणी नाही. उलट."

तुझी वाक्यं इथे पुन्हा लिहिते, म्हणजे मला ती बरोबर कळली की नाही ते तुला तपासता येईल.

तू लिहितेस: 'ताई, राख आणि लिंबू नव्हतं. दात घासायचा ब्रश होता. आदल्या दिवशीच्या सरावानंतर मी बूट क्रीडागृहातच विसरले होते म्हणून त्या दिवशी लवकर आले. तू जमिनीवर बसून घंटेच्या कडा ब्रशने घासत होतीस. जी बाई घंटा वाजवणार नाही ती तिच्या कडा घासत नाही. मी दारातूनच परत गेले.'

तू लिहितेस: 'तेव्हाच कळलं, तू दहाही देणार. मग म्हटलं, आता आपलं आपणच बघायला हवं. तू सात वर्षं माझी हनुवटी बघत होतीस ना? आडवी पडलेली बाई त्या वेळी काय बघत असते असं तुला वाटतं? मी तुझी हातोडी बघत होते. हनुवटी उचलली की ती खाली जाते हे मला तुझ्या आधी कळलं होतं. कितीतरी कुस्त्यांत मी नुसती गंमत म्हणून दोनदा उचलली आहे. तुझा हात दोनदा खाली गेलाय. तुला पत्ता नाही.'

आणि पुढे: 'राग माफीनाम्याचा नव्हता. राग घासलेल्या घंटेचा होता. फोनवर मी खरं का म्हणून विचारलं तेव्हा तू एवढंच म्हणायला हवं होतंस, हो, मी दहाही देणार होते. त्याच आठवड्यात तुला सेंदाईला उचलून आणलं असतं. आम्हाला घंटेवर बाई नव्हतीच. पहिलं वर्ष पातेलं वाजवत होतो.'

आणि शेवटी: 'पत्रकावरचं वाक्य मी लिहिलेलं आहे. कोवळ्या पोरी माझ्या भरवशावर घर सोडून आल्या होत्या, त्यांना काय सांगू, आपण हनुवटीमुळे जन्मलो म्हणून? ताई मोठी होती, तिच्या नावावर घातलं. तू कधी तरी येऊन खोडशील असं वाटलं होतं. तू टाळ्या घेत बसलीस. घंटा पाठवू नकोस. घेऊन ये.'

सुमिरे, आपल्या धंद्यात कोण पडणार आणि कोण उठणार हे आधी ठरलेलं असतं. आपण हे बाहेर बोलत नाही, पण इथे दोघीच आहोत. मी बावीस वर्षं समजत होते की त्या रविवारी एकच गोष्ट न ठरवता झाली. आता कळतं की तीही ठरलेली होती. निकाल फक्त तुला माहीत होता. अडीच हजार माणसांत मीही एक बघणारी होते, हातोडी घेऊन बसलेली.

मला राग यायला हवा होता. आला नाही. मी पंचविशीवर सात वर्षं बोलले आणि तू एक बोटभर हनुवटी उचललीस. काम कुणी केलं यावर वाद नको.

बाविसावं पान असं छापलं आहे:

'२४ नोव्हेंबर १९९६. घंटेवर त्सुकिदाते किनुए होती. तिने सकाळी घंटा घासली होती आणि ती दहाही टोले देणार होती. नवव्या टोल्याला ओइकावा सुमिरे उठली.'

हिसानोने वाचलं आणि म्हणाली, "ताई, इतकं छोटं? तुम्ही?"

मी म्हटलं, "मावलं एवढ्यात."

३१ तारखेला दोनशे दहा माणसं आली. खुर्च्या कमी पडल्या, शेजारच्या देवळातून आणल्या. कुस्त्या चांगल्या झाल्या, शेवटचीत धाकट्या कुरोमिनेने तर तिच्या मोठ्या बहिणीला असं आपटलं की भिंतीवरची कारखान्याची जुनी पाटी खाली आली. मग किताकाझेला दहा टोले. दाणे मांडून मोजले. दहावा दिला तेव्हा हिसानो रडली नाही, शाळेत घंटा झाल्यावर फळा पुसतात तशी तिने टेबलावरून दाणे गोळा केले.

पुस्तक दाराशी वाटत होतो. हानामाकीचे एक गृहस्थ आहेत, सत्तरीचे, दोन्हीकडच्या कुस्त्यांना येतात, तू ओळखत असशील, टोपीवाले. त्यांनी बाविसावं पान तिथेच उभं राहून वाचलं. मग माझ्याकडे आले. हातात तुझ्या जांभळ्या फितीचं रीळ, कागद पार भुरा झालेला.

"त्सुकिदातेबाई, म्हणजे तुम्ही नकार दिला नव्हता?"

"नाही."

"मग मी हे बावीस वर्षं उगाचच सांभाळलं?"

मी हातातली पुस्तकं खाली ठेवली. तेच पुढे म्हणाले, "ती नऊला उठली, हे तरी खरं ना?"

"ते खरं. ते मी जवळून पाहिलंय."

"मग झालं तर," ते म्हणाले. रीळ खिशात ठेवलं, टोपी नीट केली. "तुमचं मला तेवढं नव्हतं हो. मी तिच्यासाठी आणत होतो." जाता जाता पुन्हा वळून म्हणाले, "पण चांगलं केलंत. लिहिलंत ते."

मी त्यांना वाकून नमस्कार केला. गेल्या बावीस वर्षांतला हा पहिला, जो केल्यावर पाठ सरळ करता आली.

किनुए

मोरिओका, ७ मे

सुमिरे,

शनिवारी दुपारच्या गाडीने येते. घंटा जड आहे, म्हणून कुकरमध्ये टॉवेल घालून त्यात बसवली आहे. बरोबर बसते. कुकरही तुझ्याकडेच राहू दे, तो तुझाच आहे, आणि तालमीत आता भात खायला कुणी नाही.

तुझ्या कचेरीतली मुलगी म्हणाली की टोल्याआधी मी दोन शब्द बोलावे. मी नाही म्हटलं. तिला धक्का बसला. तिला कुणीतरी सांगितलेलं दिसतंय की मला आवरायला लागतं.

घंटा घासलेली नाही. तिच्यावर डाग आहेत, ते राहू देत. दाणे नऊ घरी ठेवले, एक खिशात घेतलाय.

तिथे किती हजार माणसं असतील, त्यातल्या किती जणांच्या हातात जुन्या फिती असतील, ते सगळे एका टोल्यासाठी थांबलेत. मी तो देणार आहे, आणि या वेळी मी ते आधी कुणाला भाषणात सांगितलेलं नाही, फक्त तुला पत्रात सांगते आहे. मग तुझं नाव पुकारेन. आवाज अजून आहे.

एकच मागणं. डोळे मिटून उभी राहशील तेव्हा मान खाली ठेव आणि हनुवटी हलवू नकोस. हललीस तर माझा हात खाली येईल, त्याला मी अजून काही शिकवू शकलेले नाही, आणि मग तुला त्या मानेने आणखी बावीस वर्षं खेळावं लागेल.

तुझी,
ताई